पाय गरम करून घ्या

आमच्या ताईचं बाळ अर्धंच हृदय घेऊन जन्मलं. पहिलं ऑपरेशन झालं, दुसरं वजन वाढल्यावर होणार होतं. तोवर त्याला घरीच सांभाळायचं होतं. हॉस्पिटलनं एक लहानसं यंत्र दिलं. त्याची पट्टी पायाला गुंडाळली की रक्तात प्राणवायू किती, तो आकडा दिसायचा. पंच्याहत्तरच्या खाली गेला की लगेच फोन करायचा. नर्सबाई मोठ्या मायाळू. निघताना म्हणाल्या, "पाय गार असला की यंत्र चुकीचं दाखवतं. आधी पाय गरम करून घ्या."

त्यांचं सांगणं खोटं नव्हतं. पण त्यांनी ताईची खोली पाहिली नव्हती, याचा राग मला अजून येतो. लाँड्रीच्या मागची तळघरातली खोली, भिंतींना बारमाही ओल. तिथे धडधाकट माणसाचे पाय गार पडायचे, तर त्या चिमुरड्याचं काय सांगावं.

भाऊजी त्याच लाँड्रीत इस्त्री करायचे. आकडा खाली दिसला की ते फडकं इस्त्रीनं गरम करायचे, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचे आणि मग पायाला गुंडाळायचे. थोड्या वेळानं आकडा चढायचा. "पैलवान पास!" भाऊजी म्हणायचे. हातपाय काडीसारखे, म्हणून लाडानं पैलवान. ताई तो चढलेला आकडा फोनवरून पाठवायची. तिकडून 'छान' असं उत्तर आलं की आम्ही सगळे हुरळून जायचो.

मग थंडी वाढली. एका फडक्यावर भागायचं, तिथे तीन-तीन लागू लागली. पैलवान दूध अर्धंच प्यायचा आणि तेवढ्यानंही त्याच्या कपाळावर घाम यायचा.

"फोन करू या का?" ताई म्हणाली.

"अगं, पाय बर्फ झालाय त्याचा. जरा थांब, चढेल," भाऊजी म्हणाले.

चढलाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र चढेना. भाऊजी फडकी गरम करतच राहिले. शेवटी ताईनं बाळ त्यांच्या हातून ओढून घेतलं आणि आम्ही टॅक्सीनं शहराच्या दुसऱ्या टोकाला, हॉस्पिटलला गेलो.

आकडा कधीपासून खाली होता, असं डॉक्टरांनी विचारलं.

"खाली नव्हता साहेब," भाऊजी म्हणाले. "पाय गार होता."

उबदार घरातल्या आईबापांनी खालचा आकडा बघून केव्हाच फोन केला असता. आमच्याकडे प्रत्येक खालच्या आकड्याला कारण तयार होतं. संध्याकाळी पैलवान गेला.

पुढे नर्सबाईंचा फोन आला. दुसरं एक बाळ घरी जायचं होतं, यंत्र हवं होतं. ताईनं यंत्र पुसलं आणि स्वतः नेऊन दिलं. मी सोबत होते.

"हे ज्यांना देणार, त्यांची खोली गार आहे का?" तिनं विचारलं.

"ते आम्हाला कसं कळणार हो?"

"विचारा ना," ताई म्हणाली. "आम्हाला विचारलं असतं, तर आम्ही सांगितलं असतं."