थकलेलं लाकूड

मित्रांनो, मी एक जुनं पिंप आहे, ओकच्या लाकडाचं. हालिस्कोच्या डोंगरांत, डॉन फेर्मीन यांच्या टकीलाच्या भट्टीत चाळीस वर्षं आडवा पडून आहे. आता बोलायलाही दम लागतो.

तरुणपणी मी मोठा रंगेल होतो. पाण्यासारखी टकीला पोटात घेतली की महिन्याभरात तिला सोनेरी करून सोडायचो. लोक वाहवा करायचे. मग माझा रंग संपला, वाहवाही संपली, आणि मला फोडून जाळायचं ठरलं. तेव्हा डॉन फेर्मीन म्हणाले, "राहू द्या त्याला. हे थकलेलं लाकूड आहे. ब्लांकोला हेच लागतं."

ब्लांको म्हणजे पांढरी टकीला. ज्या भाजलेल्या घायपातापासून ती बनते, त्याचा वास तिने गमवायचा नसतो आणि रंग धरायचा नसतो. चाळीस दिवस ती माझ्यात नुसती पडून राहायची, तिचा तिखटपणा निवायचा. तिला काहीही न देणं हेच माझं काम होतं.

यंदाचा घाणा डॉन फेर्मीन यांचा शेवटचा. पुढे सगळं लेक आम्पारो बघणार होती. आपल्या हातची ब्लांको गावाला एकदा पाजायची, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. शेतात सात वर्षं वाढवलेले घायपाताचे गड्डे त्यांनी याच घाण्यात घातले होते. बापाला आनंद व्हावा म्हणून आम्पारोने त्यांना न सांगता कारागीर बोलावला. त्याने मला आतून तासलं, जाळ दाखवला, तसा माझ्यातला रंग पुन्हा जागा झाला. फार दुखलं. पण पोरीच्या मनात मायाच होती, तिच्यावर रागावणार तरी कसा?

माझ्यात ती टकीला भरल्यावर चाळीस दिवसांनी डॉन फेर्मीन यांनी पेला उजेडात धरला. टकीला पिवळीधमक.

"आम्पारो, काय केलंस गं या पिंपाला?"

"नवं करून घेतलं, बाबा. किती राबलंय बिचारं."

"अगं, त्याला थकवायला मला वीस वर्षं लागली." मग ते हसले. "आता मलाही तासून घेतेस का?"

आम्पारो रडायलाच लागली. त्यांनी पेला तिच्या हातात दिला. "रडू नकोस, पी. चांगली झालीये. फक्त ब्लांको नाही झाली."

गावाला ती फार आवडली. माझी पुन्हा वाहवा झाली, पण मला ती नको होती.

मित्रांनो, म्हाताऱ्यांची काळजी जरूर घ्या, पण हात लावण्याआधी त्यांना एकदा विचारा. मला पुन्हा थकायला वीस वर्षं लागतील, आणि डॉन फेर्मीन आता एक्याऐंशीचे आहेत.