पाणी वाढायची पाळी

मित्रांनो, मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. शाळेच्या लोखंडी कपाटात माझी सहा वर्षं गेली.

माझ्यात खार, मैना आणि कासव एका घरात राहतात. एक झाडतं, एक पाणी भरतं, एक ताटं मांडतं. दुसऱ्या दिवशी कामं बदलतात. एवढीच माझी गोष्ट.

मुरुम गावाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत निखत आणि प्रीती मला मांडीवर घेऊन वाचत. एक वाचायची, दुसरी पान उलटायची. प्रीतीचं घर बौद्धवाड्यात. व्हरांडा झाडायचं काम रोज तिच्याकडे असे. खिचडीच्या पंगतीत पाणी वाढायचं काम मात्र तिला कधीच मिळत नसे. त्याचं कारण कुणी सांगत नसे. ठाऊक सगळ्यांना होतं.

एके दिवशी निखतनं तिच्या हातातून झाडू ओढला. "आज माझी पाळी. तू पाणी वाढ."

"मला देतेत व्हय?"

"कासवाला देतेत, मग तुला का न्हाय? तू तर त्याच्याहून लई चपळ हायस!"

प्रीती हसत जग घेऊन पंगतीत गेली. चार पेले भरले. पाचवा रोज पाणी वाढणाऱ्या जगदेवीचा. तिनं तो पाठीमागं लपवला. तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या गिरिजाबाई धावत आल्या.

"आगं, ठेव ते खाली! उद्या कोण जेवायला बसंल हितं?"

आणि त्यांनी पाण्याचं अख्खं पिंप अंगणात ओतून दिलं.

निखत मला घेऊन गुरुजींकडे गेली. "गुरुजी, ह्यात रोज कामं बदलायचं लिवलंय."

गुरुजींनी माझं चित्र बघितलं. मग हळूच म्हणाले, "बाळ, गोष्ट वाचायची असती. करायची नसती."

त्यांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी मला व्हरांड्यात दोन झाडूंचा आवाज ऐकू आला. पंगतीतून 'जगदेवी, पाणी!' अशाच हाका येत होत्या.

पुढं त्या दोघी मोठ्या होऊन शाळेतून गेल्या. तपासणीला साहेब आले, की मला बाहेर काढतात. "वा, किती जपलंय!" साहेब म्हणतात. गुरुजी मला पुन्हा कपाटात ठेवून कुलूप लावतात.

मित्रांनो, 'आम्हांला जपा' असं पुस्तकं तुम्हांला सांगत आली आहेत. मी सांगणार नाही. माझ्यावर खिचडी सांडा, माझी पानं फाडा. पण तुमच्या पंगतीत कुणी प्रीती जग घेऊन आली, तर पेला पुढं करा.