वीतभर बाकी

"पाय हालाडू नका, पाटील."

"आरे, आखो कितला येळ? गुरुवारले पोरनं लगीन शे. मांडवमा मी काय लंगडत फिरू?"

रनाळ्याचे हिंमतराव पाटील ओट्यावर बसले होते आणि रेवजी खाली मातीत, त्यांच्या उजव्या पायाशी. घोट्याजवळून नारूचा जंत बाहेर येत होता, दोऱ्यासारखा पांढरा. जखमेवर तांब्यातून पाण्याची धार सोडत रेवजी तो काडीवर गुंडाळत होता, रोज बोटभर. घाई केली की नारू तुटतो आणि पाय सडायला लागतो. पाटलांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण डाव्या पायाचा नारू त्यांनी स्वतः ओढून पाहिला होता. तो पाय आता उशीवर ठेवलेला असे, एखाद्या पाहुण्यासारखा.

रेवजी मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करी. भिल्ल असल्यामुळे पाटलांच्या ओट्यावर त्याला चढता येत नसे. नारूच्या कामाला खालचीच जागा सोयीची. तेव्हा रूढी आणि वैद्यकी यांचं त्या ओट्यापुरतं एकमत झालं होतं.

आज मिशनच्या देवळात मोठा साहेब आला होता. वर्षातून एकदाच येई. डोक्यावर हात ठेवून तो रेवजीला ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, करणार होता. या दिवसाची रेवजीने सात वर्षं वाट पाहिली होती. उपदेशही पाठ केला होता, विषय नम्रता. तीन आठवडे घोकून तो इतका झकास वठला होता की रेवजीला त्याची थोडी घमेंडच चढली होती.

दिलवरसिंग धावत आला. पाळकपदासाठी मंडळीने दुसरं नाव त्याचं दिलं होतं.

"रेवजीदादा, चाल ना! साहेब घड्याळ देखी ऱ्हायना."

"वीतभर बाकी शे. आज ढिला पडेल शे, आजच निघी."

"काडी बांधी दे. सांजले ये."

रेवजीने पाटलांकडे पाहिलं. "मी गऊ ते तुम्ही काय करशात?"

पाटील खोटं बोलत नसत; तशी गरज त्यांना कधी पडलीच नव्हती.

"ओढी टाकसू," ते म्हणाले.

रेवजीने काडीला अर्धा वेढा दिला. "दिलवर, तू जाय. साहेबले सांग, तुन्हा डोक्यावर हात ठेव."

"आनि तू? पुढला साल?"

"एक मंडळीले दोन पाळक लागतस का? जाय."

दिलवरसिंग गेला. थोड्या वेळाने देवळातून गाणं ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत रेवजीचे ओठ पाठ केलेला उपदेश पुटपुटत होते. बोटं थांबली नाहीत.

पाटलांना राहवेना. "रेवजी, तुन्हं काही नुकसान व्हयनं का रे?"

"पाय हालाडू नका."

दुपारी दिलवरसिंग परतला. अंगात नवा पांढरा अंगरखा, मागे सारी मंडळी. इतकी माणसं पाहून पाटीलही सावरून बसले. दिलवरसिंगने ओट्याच्या कडेचा तांब्या उचलला आणि तो रेवजीशेजारी मातीत बसला.

"माले शिकाड," तो म्हणाला.

रेवजीने मान वर केली नाही. जरा सरकून त्याला जागा दिली.

"पाणी बारीक सोड. आखो बारीक."