कुमुदबाईंचा वाकडा ठोका

तिसऱ्या पद्धतीनंतर खोली खिडकीसकट आखडली आणि कुमुदबाईंचे गुडघे समोरच्या भिंतीला टेकले. "छान! निम्मी जागा वाचली," पेंडसे म्हणाला. कोणासाठी वाचली, हे काही त्या दीडशहाण्याने सांगितलं नाही.

हृदयाचे आलेख यंत्रात कमी जागेत मावावेत म्हणून दाबून लहान करायची कोणती पद्धत सरस, हे ठरवायचं काम दवाखान्याच्या तळघरात बसणाऱ्या पेंडशाकडे होतं. नमुन्याला त्याने घेतलं कुमुदबाईंचं हृदय. त्यात चारचौघांसारखे ठोके पडत आणि मध्येच एखादा वाकडा. त्या वाकड्यासाठीच तर बाई आल्या होत्या! तो कागदावर दिसला तरच मोठे डॉक्टर इलाज करणार होते. नाहीतर एक दिवस जिन्यातच आडवं व्हायचं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या पद्धतीने दोन ठोक्यांमधली शांतता काढून टाकली. "तिथे काही घडतच नाही," म्हणे. तेव्हापासून बाईंना धड श्वास घ्यायला सवड उरली नाही. दुसरीने जे जे परत परत येतं ते एकदाच ठेवलं. त्यामुळे शेजारी बसलेले त्यांचे यजमान, अभ्यंकर, "आटपलं का?" एवढं एकदा म्हणाले आणि पुढे नुसतंच तोंड हलवत राहिले. याचं बाईंना फारसं वाईट वाटलं नाही.

चौथी पद्धत दाबलेलं पुन्हा उलगडून दाखवायची. पेंडशाने बटण दाबलं आणि यंत्रातून दुसऱ्या कुमुदबाई बाहेर आल्या. तजेलदार, गुळगुळीत, कपाळावर एक आठी नाही.

"आणि माझा वाकडा ठोका?" बाईंनी विचारलं.

"काकू, सरासरीत तो कुठे दिसतच नाही हो."

"सरासरीला दिसत नाही म्हणून मला होत नाही का? डोंबलाची पद्धत तुमची!"

"नव्व्याण्णव टक्के जुळतंय," पेंडसे कौतुकाने म्हणाला. "या अगदी ठणठणीत आहेत. घेऊन जा घरी."

"अरे, मग मी कोण?"

"तुम्ही फरक. मूळ आलेखातून या वजा केल्या की जे उरतं, ते."

अभ्यंकरांनी दोघींकडे नीट पाहिलं. भाजी निवडताना बघत तसंच. "ही बरी," ते म्हणाले.

नवीन बाईंनी कुमुदबाईंच्या चपला पायांत सरकवल्या. बरोब्बर बसल्या.

"अहो! अहो, मी इथेय!" बाई जीव तोडून ओरडल्या. त्या मेल्या नवऱ्याने दारात थबकून नवीन बाईंना विचारलं, "तू काही म्हणालीस का गं?"

"छे! मी कुठे काय?"

ती दोघं बोलत बोलत जिना चढून गेली. बाईंना भयंकर राग आला, आणि त्या रागाबरोबर छातीत तो ठोका पडला. त्याच्या मागेपुढे आता दुसरा ठोकाच नव्हता. पेंडशाने ओलं फडकं पिळलं आणि पुढच्या माणसासाठी खुर्ची पुसायला घेतली. फडकं बाईंच्या गुडघ्यांवरून सहज फिरलं.