फुईची दहा बोटं

माघाच्या उन्हात खळ्यावर पसरलेल्या तुरीच्या शेंगा एकामागून एक तडकाव्यात, तसा फुईच्या बोटांचा आवाज होता. फुई म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. कुणी परीक्षेला निघो, कुणी दुखण्यातून उठो, ती समोर येऊन दोन्ही तळवे त्याच्या मस्तकावरून हलकेच खाली उतरवी, मग स्वतःच्या कानशिलांवर टेकवून दहाही बोटं कडाकडा मोडी, आणि त्याची सारी अलाबला आपल्या अंगावर घेऊन निर्धास्तपणे भाकरी थापायला बसे. आवाज जितका मोठा तितकी माया मोठी, असं आमच्या तापीकाठच्या बायका मानतात. फुईचा आवाज ओसरीवरून गोठ्यापर्यंत जाई.

दिसायला ठेंगणी, सावळी, पदर सदा डोईवर. पण हट्टाला पेटली की कुणाच्या बापाला ऐकायची नाही. तिचा संसार बडोद्यात झाला, पण वर्षातले निम्मे दिवस ती माहेरीच असे. माझ्या धाकट्या बहिणीला, चारूला, तिनं शाळेसाठी तिकडे नेलं आणि शेजारच्या एका शिक्षकांकडे चेलो शिकायला घातलं. गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं, खर्जात बोलणारं ते भलंमोठं वाद्य वडिलांना मुळीच रुचलं नाही. वाजवणारे लग्नाला बोलवायचे असतात, ते आपल्या घरातून निघत नाहीत, अशी त्यांची समजूत. फुईनं त्यांना फोनवरच गप्प केलं. "वाजाडू दे तिले. तुन्हं काय जास?"

वडील गप्प बसले, पण त्या गप्प बसण्यात होकार नव्हता. पुढे चारू मुंबईच्या एका मोठ्या वाद्यवृंदात लागली, तरी पोरगी काय करते असं कुणी विचारलं की ते केळीच्या बागेकडे बघत सांगत, "शहरमा नोकरी करस." हे वाक्य फुईला काट्यासारखं सले. भावानं एकदा चारचौघांत, वाद्यासकट, पोरीला आपली म्हणावं, एवढी एकच आस तिला उतारवयात उरली होती.

ती वेळ गळिताच्या हंगामात आली. चारूचा वाद्यवृंद लहान गावांतल्या कुटुंबांसाठी कार्यक्रम करत फिरत होता, आणि पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत एक संध्याकाळ ठरली. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा गोड-आंबूस वास, आणि आत मंडपातल्या पिवळ्या उजेडात व्हायोलिनच्या लाकडावर चढलेली मंद तांबूस झळाळी. भावनेला मोकळं रान देणारं, दोन शतकांपूर्वीच्या युरोपातलं ते रोमँटिक संगीत. वाद्यवृंदाचे संचालक प्रत्येक रचनेआधी पोरांना सोप्या हिंदीत सांगत, हे वादळ, हे अरण्य, ही बर्फ वितळून फुगलेली नदी. नदी म्हटल्यावर आमच्याकडची पोरं सावरून बसली. मोठ्या रचनेत भाग संपला की मध्ये टाळ्या वाजवू नका, शांत राहा, अशी विनंतीही त्यांनी हात जोडून केली. फुईनं वडिलांना जवळजवळ ओढतच आणून पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं होतं. ते टोपी सारखी करत जमिनीकडे बघत होते.

मग संथ भाग सुरू झाला आणि बाकीची वाद्यं हळूहळू मागे सरून चारूचा चेलो एकटा उरला. त्या खर्जात कार्तिकातल्या सांजेची ओल होती, दूरच्या सातपुड्यावर निळसर होत जाणारा उजेड होता, आणि परक्या देशातली ती व्यथा आमच्या शिवारातली वाटावी इतकी ओळखीची होती. शेवटचा स्वर हवेत विरला. संचालकांची छडी वरच थांबली, मंडप चिडीचूप झाला.

आणि फुई उठली. चारूच्या दिशेनं तिनं दोन्ही तळवे हवेतून खाली उतरवले, कानशिलांवर टेकवले आणि दहाही बोटं मोडली. त्या शांततेत तो आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. संचालक दचकून वळले. टाळ्या वाजवू नका असं त्यांनी बजावलं होतं, आणि फुईनं टाळी वाजवलीच नव्हती. मला क्षणभर मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारूनं मात्र लहानपणी ओसरीवर उभी राहायची तशी मान लववली आणि लववूनच ठेवली.

मागून एका म्हातारबाबांनी विचारलं, "कोनी पोर शे ती?"

सगळे फुईकडे पाहू लागले. तिनं भावाकडे पाहिलं. वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मन्ही," ते म्हणाले. आणि मग चारूकडे बघत, "मन्ही पोर शे. चेलो वाजाडस."

संचालकांना भाषा कळली नसावी, पण ते हसले आणि त्यांनी छडी खाली आणली. पुढच्या भागात नगारे, पितळी वाद्यं सारी एकदम उसळली, आणि अभिमानानं माझा ऊर इतका भरून आला की ते संगीत मला धड ऐकूच आलं नाही. चारूचा अभिमान होताच. त्याहून जास्त फुईचा होता.

फुई आता नाही. तिच्यामागून चारू पहिल्यांदा घरी आली, तेव्हा ती ओसरीच्या पायरीवर सवयीनं मान लववून उभी राहिली. आमच्याकडे पुरुष दृष्ट काढत नाहीत. तरी वडील पुढे झाले, दोन्ही तळवे त्यांनी लेकीच्या मस्तकावरून उतरवले आणि कानशिलांवर टेकवले. बागेत राबून ताठलेल्या त्या बोटांचा आवाज झाला नाही. चारू मान वर करीना. जिथं तो आवाज व्हायचा तेवढी शांतता फुई मागे ठेवून गेली आहे, आणि ओसरीवर आम्ही तिघं ती अखेरपर्यंत ऐकत राहिलो.