नंबर न फिरवणारी लाइन

सकाळी सात वाजता मेकॅनिकने टेलिफोन एक्स्चेंजमधली पाळी हाती घेतली, रॅकवरची धूळ ब्रशने झटकली, दोन कुरकुरणाऱ्या स्विचना तेलाचा थेंब दिला. गाव जागे होऊ लागले तशी खोलीतली खटखट वाढत गेली. दहाला हे सारे बंद होऊन शेजारच्या थंडगार खोलीतले डिजिटल यंत्र सुरू व्हायचे होते. मेकॅनिकचा पाय काही एका जागी ठरत नव्हता.

कारण त्याची आत्या. ती एकटी राहत असे, आणि आजारपणानंतर तिची बोटे इतकी थरथरत की डायल फिरवणे अशक्यच. काही लागले की ती नुसता रिसीव्हर उचले. नंबर फिरला नाही की एक्स्चेंजमध्ये त्या लाइनचा लाल दिवा लागे आणि पाळीवर असेल तो "बोला आत्या" म्हणे.

"नव्या यंत्रात असा दिवा नाहीच?" त्याने तिसऱ्यांदा विचारले.

"नाही हो," नवे यंत्र बसवायला आलेल्या इंजिनीअर बाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. "नंबर न फिरवलेली लाइन ते सरळ बंद करून बाजूला टाकतं. आणि उद्यापासून इथे कुणी बसणारही नाही. किती फेऱ्या माराल? फरशी झिजेल." मग त्या म्हणाल्या, "हॉटलाइन देता येईल. रिसीव्हर उचलला की पाच सेकंदांत ठरलेला नंबर आपोआप लागतो. ग्राहकाच्या सहीचा अर्ज हवा."

"सही करता आली असती तर नंबरही फिरवला असता तिने!"

बाईंना हसू आवरेना. "बरं, जबाबदारी घेणाऱ्याची सही चालेल. नंबर कुणाचा टाकायचा?"

इथे गाडी अडली. आतेभाऊ "नंतर बोलू" म्हणणाऱ्यांतला. घरी बायको दिवसभर शिलाई मशीनवर असे, पण तिचे आणि आत्याचे कधीच जमले नव्हते. त्याने घरी फोन लावला आणि सगळे सांगितले.

"विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

पलीकडची मशीन थांबली. "वेळीअवेळी उचलतील त्या."

"हो."

"आणि माझ्या शिवणाला नावं ठेवतील."

"ती फोनशिवायही ठेवतेच की."

मशीन पुन्हा खडखडू लागली. मग ती म्हणाली, "दिवसा मी घेईन. रात्री उठायचं तुम्ही."

पावणेदहाला त्याने अर्ज लिहिला, 'नाते' या शब्दापुढे 'भाचा' लिहून सही केली. मग बाईंनी पुढे केलेल्या कीबोर्डवर एका बोटाने आत्याचा नंबर टाकला, त्यापुढे घरचा. दोन्ही एकेक आकडा करून पुन्हा वाचले आणि एंटर दाबले.