आतल्या खोलीतला रेडिओ

“धा तिरकिट धा!” आतल्या खोलीतून आवाज आला आणि साहेबांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

“कोण हो?”

“रेडिओ, साहेब,” कारकून म्हणाला. बोलला आणि मनातल्या मनात मेला. पण तोंडातून गेलेलं परत थोडंच घेता येतं? वर बायकोला हुकूमही सोडला, “अगं, बंद कर तो.”

बायको जागची हलली नाही. तिने नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की त्याने मान खाली घातली.

आत त्याचे वडील होते, नाना. हयातभर घरोघरी जाऊन तबला शिकवलेला माणूस. गेल्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मुलाचं नावसुद्धा गेलं. राहिले ते फक्त तबल्याचे बोल. तेवढ्यावरच म्हातारा गाडा रेटत होता. भूक लागली तरी धा तिरकिट, राग आला तरी धा तिरकिट. सूर तेवढा बदलायचा आणि घरात बरोब्बर कळायचं. सुनेशी तर ते चक्क भांडायचे. तीही काही कमी नव्हती. “तुमचं तिरकिट राहू द्या तुमच्यापाशी, आधी गोळी घ्या,” म्हणून ठणकावायची.

आताचा सूर घाईचा होता. मला उठवा, असा. कारकुनाला तो कळलाही होता. पण गोदामप्रमुखाची जागा रिकामी होती, साहेब पहिल्यांदाच घरी आले होते, आणि त्यांच्यासमोर असा बरळणारा बाप नको, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं.

“धा तिर...” पुन्हा आलं, आणि अर्ध्यावर तुटलं. हुकूम आत ऐकू गेला होता.

“बंद कशाला केलात? छान चाललं होतं की,” साहेब म्हणाले.

साहेबांना फाटकापर्यंत सोडून तो धावतच आत गेला. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. अंथरूण ओलं झालं होतं. इतक्या महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. नाना वेळेवर हाक मारायचे.

“नाना, चुकलं माझं. शिव्या घाला, काहीही म्हणा.”



बायको कोरडी चादर घेऊन आली. “व्हा बाजूला, मी करते.”

“नको. मी करतो.”

तो वाकला. ओली चादर ओढू लागला. नानांनी डावा हात टेकून अंग जरासं उचललं, मुलाला सोपं जावं म्हणून. ओठ मात्र घट्ट मिटलेले होते.